खतीजाबीचं दळण

प्रभूचं येणं साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी होईल, आणि त्याची आगाऊ वर्दी कोणालाही, अगदी स्वर्गातल्या दूतांनाही, मिळायची नाही. शास्त्रात हे स्वच्छ सांगितलेलं आहे आणि त्यावर वाद घालण्याचं कारण नाही. अडचण एवढीच होती, की हिवरखेडी या गावात आजवर काहीही बाकीच्या पृथ्वीबरोबर एकाच क्षणी आलेलं नव्हतं. टपाल गोरेगावाहून गुरुवारी यायचं, तेही ओढ्याला पाणी नसलं तर. पटकी आधी हिंगोलीत यायची आणि तिथे तिचं समाधान झालं की मग इकडे वळायची. दुसरं महायुद्ध सुरू झाल्याचं गावाला कळलं ते घासलेट मिळेनासं झालं तेव्हा.

तरीही चतुराबाई रोज पहाटे तयार असायची.

तयार म्हणजे काय, तर कोंबडा आरवायच्या आत अंगावर पाणी घेतलेलं, केस विंचरलेले, आणि मिशनने बाप्तिस्म्याच्या दिवशी दिलेलं पांढरं लुगडं नेसलेलं. ते नेसून ती जात्यावर बसायची. पीठ उडून लुगडं आणखी पांढरं व्हायचं आणि तेवढ्यापुरती त्याची ठिगळं दिसायची नाहीत. प्रभूने कधीही यावं, पण पहाटे आला तर बरं, असं तिला मनातून वाटे. दिवसा ती माणिकराव पाटलाच्या रानात निंदायला असायची आणि तेव्हाचं लुगडं, तिला न्यायला येणाऱ्या प्रभूला दाखवण्यासारखं नव्हतं.

गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या सात घरांनी एकोणीसशे चौतीस साली एकाच दिवशी ओढ्यात बाप्तिस्मा घेतला होता. मिशनने त्यांना एक शाळा दिली, एक मास्तर दिला आणि एक घंटा दिली. चार वर्षांनी विलायतेहून पैसा यायचा थांबला. मास्तर गेला, शाळेवरचे पत्रेही गेले. घंटा जड होती म्हणून राहिली. मग सहा घरं एकेक करून जुन्या देवांकडे परतली, आणि जुन्या देवांनीही इतके दिवस कुठे होतात म्हणून फारशी चौकशी केली नाही. सातवं घर चतुराबाईचं. तिचा नवरा संतराम बाप्तिस्म्यानंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात तापाने गेला होता. लेकरूबाळ नव्हतं. परत जायलाही कोणीतरी सोबत लागतं. ती होती तिथेच राहिली.

जात्याचं प्रकरण मात्र शाळा चालू असतानाचं. छत्तीस सालच्या उन्हाळ्यात मिशनच्या मिराबाई चित्रांची गुंडाळी घेऊन वस्तीत आल्या. लिंबाखाली बायका जमल्या. मिराबाईंनी शेवटच्या दिवसाचं चित्र उलगडलं आणि सांगितलं, की त्या दिवशी शेतात दोघे असतील, एकाला नेलं जाईल, एकाला ठेवलं जाईल. दोघी जात्यावर दळत असतील, एकीला नेलं जाईल, दुसरीला ठेवलं जाईल. म्हणून बायांनो, जाग्या राहा.

चतुराबाईची धाकटी जाऊ सखुबाई पुढेच बसली होती. दोघी जावा रोज एकाच जात्यावर समोरासमोर बसून दळायच्या. सखुबाईने विचारलं, "नेली म्हंजे कुठं नेली?"

"प्रभूजवळ," मिराबाई म्हणाल्या.

"जित्ती?"

"जिवंत."

"अन् परत कवा?"

"परत यायचं नसतं."

सखुबाईने शेजारणीकडे पाहिलं. "अन् दोघीतली कोणती न्यायची, हे कोण ठरवतं?"

"जी तयार असेल तिला प्रभू ओळखतो."

"वळखू येईल का पण त्याला? आमची समद्यांची लुगडी एकाच ठाणातली हायती."

मिराबाईंनी चित्र गुंडाळलं आणि प्रार्थना केली.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीत दोघी म्हणून जात्यावर बसेनात. कोणी एकटी दळू लागली, आणि ज्यांना एकटीने जातं ओढवेना त्या तिघी तिघी बसू लागल्या, कारण तिघींबद्दल शास्त्रात काही म्हटलेलं नव्हतं. जात्याच्या खुंट्यावर सहा हात मावत नाहीत, तेव्हा तिसरी नुसता खुंट्याला हात लावून बसायची आणि गावातल्या उखाळ्यापाखाळ्या सांगायची. पुरुषांनीही हे मनावर घेतलं. कुळवाच्या पाळीला तीन-तीन जण एका रेघेत चालताना पाहून माणिकराव पाटलाने घोड्यावरून विचारलं, "काहून रे, तिघं तिघं?"

कारण सांगितल्यावर पाटलाने थोडा विचार केला. "नेणाऱ्याला सांगा," तो म्हणाला, "पाळी होऊ दे म्हणावं. मग खुशाल ने."

पाऊस पडल्यावर कामाची घाई आली आणि हे सगळं मोडलं. बायका पुन्हा दोघी दोघी बसू लागल्या. फक्त चतुराबाईसमोर कोणी बसेना.

तिने सखुबाईला समजावून पाहिलं. "सखू, मी तयार हाय. तू न्हाईस. म्हंजे मलाच नेणार. तुला काय भेव?"

"तेच तर भेव हाय, अक्का," सखुबाई म्हणाली. "तुमाला नेलं, बराबर. पण मग जात्याजवळ मी एकटी. अन् पोलीस पाटील इचारंल, बाई कुठं गेली? मी काय सांगू, वर गेली? तुमाला प्रभू नेईल अन् मला हिंगोलीचा जमादार. दोघी नेल्या म्हंजे वचनबी खोटं झालं."

सखुबाईने आपल्या वाटणीचं सूप उचललं आणि वस्तीच्या दुसऱ्या टोकाला दळायला गेली.

तेव्हापासून चतुराबाई एकटी दळू लागली. जातं दोघींचं होतं. खुंटा दोन्ही अंगांनी झिजलेला होता. तिच्या बाजूने तो गुळगुळीत राहिला आणि पलीकडच्या बाजूने त्यावर धूळ बसू लागली. पलीकडे ती रोज एक किंतान अंथरायची. गाणं म्हणताना ती सवयीने एक ओळ म्हणून थांबायची, पुढची ओळ समोरून यायची म्हणून. मग तीही ओळ आपणच म्हणायची, जरा वेगळ्या आवाजात.

हे एकटेपण ती सोसू शकली असती. वस्तीत एकट्या बायका पुष्कळ होत्या. पण तिची खरी तकलीफ शास्त्रातली होती. वचनात दोघी म्हटलेलं होतं. एकीला नेणं, एकीला ठेवणं, यासाठी मुळात दोघी लागतात. प्रभू हिवरखेडीवरून गेला आणि खाली जात्यावर एकच बाई दिसली, तर तो थांबेल कशासाठी? समोर कोणी बसल्याशिवाय तिची सगळी तयारी फुकट होती.

दर साली जानेवारीत हरिचंद पाळक फेरीवर यायचे. ते आगगाडीने हिंगोलीपर्यंत आणि पुढे बैलगाडीने यायचे, आणि वाटेतल्या धुळीने त्यांना खोकला व्हायचा. सात घरांसाठी ठरलेली फेरी एका घरासाठीही रद्द झालेली नव्हती, कारण रद्द करण्याचा कागद कोणी केला नव्हता. ते चतुराबाईच्या अंगणात बाजेवर बसून एकट्या बाईला पूर्ण उपदेश करायचे, सुरुवातीला "प्रिय बंधुभगिनींनो" म्हणून.

एका जानेवारीत तिने विचारलं, "पाळकसाहेब, एकटी दळून राहिली तर चालतं का?"

"काय चालतं?"

"नेण्याला."

पाळकांच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "बाई, त्या वचनाचा अर्थ आत्मिक आहे. जातं म्हणजे आपलं जातं नव्हे."

"मग कोणाचं?"

"जातं म्हणजे नित्याचं जीवन."

चतुराबाईने मान हलवली. पाळकांना वाटलं तिला पटलं. ते जेवायला बसले तेव्हा तिने भाकरी वाढली आणि ही भाकरी आत्मिक नसल्याचं दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

पाळक दुसरी एक गोष्ट सांगून गेले, ती मात्र तिने लगेच अमलात आणली. तयार राहायचं तर मनात कोणाबद्दल किल्मिष नको. भांडण असेल तर आधी मिटवावं. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी ती वस्तीत आणि गावात भांडणं मिटवायला निघायची. लोक भांडणं विसरून गेलेले असायचे. ती आधी आठवण करून द्यायची, कोणत्या साली कोणी कोणाची शेळी हाकलली, कोण काय बोललं, आणि मग माफी मागायची. लोक पुन्हा चिडायचे. पुढच्या शनिवारी तिला पुन्हा जावं लागायचं. असं करता करता शनिवारी संध्याकाळी ती दिसली की दारं लागू लागली.

अशी सात वर्षं गेली. लढाया झाल्या, लढायांच्या बातम्या आल्या, सरकारने लेव्हीचं धान्य नेलं, लोकांनी अंबाडीच्या भाजीवर दिवस काढले. शास्त्रात सांगितलेल्या खुणा एकेक करून हिवरखेडीत उशिरा का होईना पोचत होत्या. लुगड्याला सतरावं ठिगळ लागलं. समोरचं किंतान रिकामं होतं.

त्रेचाळीस साली दिवाळीनंतर खतीजाबीच्या जात्याची वरची तळी फुटली.

खतीजाबी म्हणजे पिंजाऱ्याची. घर गावकुसाच्या कडेला, वस्तीला लागून. नवरा वारलेला, मुलगा फारुक गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचा. वडार यायला आणि नवी तळी घडायला दोन महिने लागणार होते. एका पहाटे खतीजाबी डोक्यावर टोपलं घेऊन चतुराबाईच्या दारात उभी राहिली.

"चतुराबाई, जाता खाली है क्या? आधी पायली जवारी है बस."

चतुराबाईचा हात किंतानाकडे गेला. पण तयार माणसाने कोणाला फसवायचं नसतं. ती म्हणाली, "खतीजाबी, बसायच्या आधी आयका. हे जातं जोखमीचं हाय." आणि तिने सगळं सांगितलं. दोघी, एक नेणार, एक ठेवणार, पोलीस पाटील, सगळं.

खतीजाबीने टोपलं खाली ठेवलं. "कौन आनेवाला है?"

"येशू."

"ईसा? वो तो हमारे में बी आनेवाले."

चतुराबाईला हे नवीन होतं. "तुमच्यात? कुठं?"

"दमिश्क में. सफेद मीनार पो उतरनेवाले."

"दमिश्क कुठं आलं?"

"मालूम नै. हैदराबाद के उधर होंगा."

"मंग हिंगोलीला यायला त्येला येळ लागंल," चतुराबाई म्हणाली.

"हौ ना. तब तक दो मूठ दळ लेते," असं म्हणून खतीजाबी किंतानावर बसली.

वडार दोन महिन्यांऐवजी चार महिन्यांनी आला. नवी तळी बसली. तरी खतीजाबी पहाटे टोपलं घेऊन इकडेच यायची. का येते ते तिने सांगितलं नाही आणि चतुराबाईने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिलाही विचार करावा लागला असता.

दोघींचा हात चांगला जमला. चतुराबाई ओढायची तेव्हा खतीजाबी ढकलायची, मग उलट. जातं हलकं फिरायचं. गाण्याची पहिली ओळ इकडून गेली की दुसरी तिकडून यायची. चतुराबाईने तिला प्रभूची दोन गाणी शिकवली. खतीजाबी ती म्हणायची, फक्त प्रभूचं नाव आलं की तिथे नुसती गुणगुणायची.

वाद एकाच गोष्टीवर व्हायचा, तोही भांडण म्हणता येईल असा नव्हे. दोघींतली कोणती जाणार?

"तुमी जावा," चतुराबाई म्हणायची. आपल्याकडे आलेल्या बाईला आधी नको का म्हणायला?

"नै माँ, तुम पैले. तुम इत्ते साल से तयार बैठे. मेरे कू अबी फारुक की शादी करनी."

फारुकचं लग्न झालं. मग खतीजाबीला सुनेचं बाळंतपण करायचं होतं. नातू झाला, जमील. मग तो रांगेपर्यंत तरी. मग चालेपर्यंत. खतीजाबीच्या मागे नेहमी काहीतरी उरलेलं असायचं. चतुराबाईच्या मागे एक घंटा होती.

शेवटी दोघींनी एक ठराव केला. जी जाईल ती जाईल. जी मागे राहील तिने दुसरीचं दळण पुरं करायचं. अर्धवट दळण टोपल्यात टाकून जाणं बरं दिसत नाही, मग नेणारा कोणी का असेना.

पाच वर्षं असं चाललं. चतुराबाईला आता प्रभूची घाई वाटेनाशी झाली होती. हे तिच्या एकदा ध्यानात आलं आणि तिला भीती वाटली. तिने त्या शनिवारी प्रभूची माफी मागितली. रविवारी पहाटे खतीजाबी आली आणि ती पुन्हा विसरली.

अठ्ठेचाळीस सालच्या सप्टेंबरात एका पहाटे आभाळातून आवाज आला. आधी लांबून, मग डोक्यावर. दोघींनी खुंटा सोडला. चतुराबाईने पदर सारखा केला, पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि डोळे मिटून वर तोंड केलं. खतीजाबी जागची हलली नाही. आवाज हिंगोलीकडे निघून गेला.

"गया," खतीजाबी म्हणाली. तिचा हात चतुराबाईच्या मनगटावर होता आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

ते हिंदुस्थान सरकारचं विमान होतं. गावाला हे गुरुवारच्या टपालाने कळलं. तोवर निजामाचं राज्य संपलेलं होतं. दोनशे वर्षांचं राज्य पाच दिवसांत गेलं आणि हिवरखेडीत त्या पाच दिवसांत फक्त पाऊस झाला.

मग आसपासच्या गावांतून बातम्या येऊ लागल्या. वर्षभर जे भीत होते ते आता भीत नव्हते, आणि जे भीत नव्हते त्यांनी दारं लावून घेतली होती. फारुकला आदल्या वर्षी निजामाच्या बाजूच्या कोणीतरी एक खाकी सदरा आणि एक काठी दिली होती. सदरा त्याला दंडात घट्ट व्हायचा. काठी तो ओढा ओलांडताना वापरायचा. पण सदरा सगळ्यांनी पाहिलेला होता.

माणिकराव पाटील स्वतः त्याच्या दारी गेला. "आपल्या गावातला कोणी हात लावणार न्हाई," तो म्हणाला. "पण बाहेरचे येऊन राहिले, फारुक. त्यांना मी एकटा कुठवर पुरणार? गाडी देतो. हिंगोलीला छावणी हाय. चार दिस तिथं ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी पहाटे खतीजाबी नेहमीसारखी दळायला आली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. फारुकने रात्री सामान बांधलं आणि आईला गाडीत बसवतानाच सांगू असं ठरवलं, कारण आधी सांगितलं असतं तर तिने रजया मोजायला घेतल्या असत्या. चार-पाच मुठी पडल्या असतील, तोच तो दारात येऊन उभा राहिला. अंगावर साधा सदरा होता.

"अम्मा, उठ."

"इत्ता दळके आती."

"अम्मा, गाडी खडी है. चल."

खतीजाबीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ती उठली. तिने खुंटा सोडला तरी जातं अर्धा फेरा आपणहून फिरलं. तिच्या हातांवर, भुवयांवर पीठ होतं.

"चतुराबाई," ती म्हणाली, "दळण राह्यलं."

"मी दळते."

"मैं बोली थी ना, तुम पैले जाना."

चतुराबाईला काहीतरी बोलायचं होतं. बारा वर्षं तिने या क्षणासाठी शब्द जुळवून ठेवले होते, पण ते सगळे नेणाऱ्याला म्हणायचे होते, जाणारीला म्हणायचे नव्हते. "चार दिसांत येशाल," ती म्हणाली.

"हौ."

गाडी चिखलातून निघाल्याचा आवाज आला, मग ओढ्यात उतरल्याचा, मग काही नाही. खतीजाबीच्या चपला उंबऱ्याशी तशाच होत्या. पांढरं लुगडं नेसून, केस विंचरून, साऱ्या गावाशी समेट करून बसलेली बाई जात्यापाशी राहिली होती, आणि जिच्या नातवाला अजून नीट पळताही येत नव्हतं ती अनवाणी गेली होती.

चतुराबाईने पुढची मूठ जात्यात टाकली.

दुपारपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं. संध्याकाळी सखुबाई आली. बारा वर्षांत ती या घराच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. जात्याकडे आणि किंतानाकडे पाहून ती म्हणाली, "खरं निघालं की, अक्का, तुमचं वचन. दोघी दळून राहिल्या व्हत्या, एक नेली, एक ठिवली."

चतुराबाईने खतीजाबीचं टोपलं आपल्याकडे ओढून घेतलं.

"आता झालं न्हवं ते?" सखुबाईने विचारलं. "म्हंजे, एकदाच व्हतं न्हवं? का परत परत व्हतं?"

"मला ठाव न्हाई."

"एकदाच असंल. पटकीसारखं थोडंच हाय?" सखुबाईने खुंट्याला हात लावून पाहिला. "मी येत जाऊ का मंग उद्यापासून? माझ्या सुनेला जातं ओढवत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून सखुबाई समोर बसू लागली. बारा वर्षं चतुराबाईने हेच मागितलं होतं. सखुबाई चांगली होती, कामाला चलाख होती, तोंड चालू ठेवायची. पिंजाऱ्याच्या घराचं दार कोणी काढून नेलं, कवाड कोणाच्या गोठ्याला लागलं, कापूस पिंजायच्या धनुकलीची तात कोणाच्या पोराने तोडली, हे चतुराबाईला तिच्याकडूनच कळायचं. फक्त ती खुंटा नुसता ओढायची, ढकलायची नाही. जातं जड जायचं. गाण्याची पहिली ओळ म्हणून चतुराबाई थांबली तर सखुबाईला वाटायचं तिला दम लागला.

खतीजाबीचं टोपलं मात्र चतुराबाईने तिला शिवू दिलं नाही. ते दळण तिने एकटीने दळलं, चाळलं, मडक्यात भरलं आणि वर फडकं बांधलं. चार दिवस झाले. आठ झाले. नवव्या दिवशी ती मडकं डोक्यावर घेऊन चपला पदरात बांधून हिंगोलीला चालत गेली.

छावणीच्या फाटकाशी एक शिपाई होता. "कोणाला भेटायचं?"

"खतीजाबी. पिंजाऱ्याची. हिवरखेडीची."

"तू तिची कोण?"

"आमी एका जात्यावरच्या," ती म्हणाली.

शिपाई आत विचारून आला. खतीजाबी नावाच्या चौघी होत्या. दोघी अजून आत होत्या. त्या बाहेर आल्या आणि तिच्याकडे बघून परत गेल्या. उरलेल्या दोघी परवाच्या आगगाडीने पूर्णेकडे गेल्या होत्या. तिथून पुढे कुठे, ते शिपायाला माहीत नव्हतं. हैदराबादला असतील. किंवा त्याच्या पलीकडे.

"दमिश्क?" चतुराबाईने विचारलं.

"ते कोणत्या जिल्ह्यात येतं?" शिपाई म्हणाला.

ती मडकं घेऊन परत आली. ते तिने जात्याच्या मागे, भिंतीशी ठेवलं. चपला वर ठेवल्या.

जानेवारीत हरिचंद पाळक आले. खोकला होता. बाजेवर बसून त्यांनी "प्रिय बंधुभगिनींनो" म्हणून सुरुवात केली, आणि जागं राहण्याबद्दल, दिवे पेटते ठेवण्याबद्दल पाऊण तास सांगितलं. उपदेश संपल्यावर चतुराबाई म्हणाली, "पाळकसाहेब, एक इचारायचं हाय. प्रभू येऊन गेला का?"

"नाही, बाई. अजून यायचा आहे."

"तुमाला नक्की ठाव हाय? इकडं समदं उशिरा कळतं."

"नक्की."

"म्हंजे मी मागं राह्यले, असं न्हाई."

"असं नाही."

"मंग खतीजाबीला कोणी नेलं?"

पाळक शिकलेले होते, तीस वर्षं उपदेश करत होते, आणि आत्मिक अर्थ त्यांना पुष्कळ येत होते. "पाटलाच्या गाडीने," ते म्हणाले.

चतुराबाई आत गेली आणि मडकं घेऊन बाहेर आली. "तुमी गाडीनं जाता. पूर्णेला उतरता. तिथं इचारा कोणाला. तिचं दळण हाय. पुरं झालंय म्हणून सांगा." मग ती परत आत जाऊन चपलाही घेऊन आली.

पाळकांनी फडकं सोडलं. चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं, त्यावर तांब्यातलं थेंबभर पाणी टाकलं आणि अंगठ्याने मळून पाहिलं. ते मिळून येईना. त्यांनी हात झटकला, फडकं पुन्हा होतं तसं बांधलं आणि मडकं गाडीत आपल्या पायाशी ठेवून घेतलं. सप्टेंबरला आता चार महिने होत आले होते.

ज्वारीचं पीठ महिन्याभरात विरी जातं. मग त्याची भाकरी थापता येत नाही.